रिवॉर्ड म्हणजे काय? रिवॉर्डचा मराठी अर्थ, शब्दाचा उगम आणि फोनमधल्या ‘रिवॉर्ड’चं खरं गणित

आज आपण एका अशा इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहोत, जो तुमच्या फोनवर दिवसातून निदान चार-पाच वेळा तरी दिसतो. रिचार्ज केला की ‘यू हॅव वन अ रिवॉर्ड’, गेम खेळताना ‘क्लेम युवर डेली रिवॉर्ड’, क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘रिवॉर्ड पॉइंट्स’, आणि अधूनमधून अनोळखी नंबरवरून येणारा ‘तुमचे रिवॉर्ड पॉइंट्स आज रात्री संपणार’ असा मेसेज.

रिवॉर्ड म्हणजे बक्षीस, एवढं आपल्याला माहीत असतं. पण हा शब्द मुळात बक्षिसाचा नव्हताच, हे मला फार उशिरा कळलं. तो आला कुठून, अवॉर्ड, प्राइझ, बोनस यांच्यापेक्षा वेगळा कसा, मेंदूच्या अभ्यासात आणि एआयमध्ये तो कोणत्या अर्थाने वापरतात, आणि या एका शब्दाच्या नावाखाली लोकांचे पैसे कसे जातात, हे सगळं या लेखात क्रमाने पाहू. चला तर मग, सुरुवात करूया.

रिवॉर्डचा मराठी अर्थ

रिवॉर्ड हा शब्द नाम म्हणूनही वापरतात आणि क्रियापद म्हणूनही. संदर्भ बदलला की त्याचा मराठी अर्थ बदलतो.

१. बक्षीस, इनाम: कुणीतरी केलेल्या चांगल्या कामाबद्दल दिलेली वस्तू किंवा पैसे.

२. मोबदला: केलेल्या कष्टांच्या बदल्यात मिळालेली गोष्ट. ती पैशातच असली पाहिजे असं नाही.

३. जाहीर केलेलं इनाम: हरवलेली वस्तू आणून देणाऱ्याला किंवा फरार आरोपीची माहिती देणाऱ्याला मिळणारी रक्कम.

४. फळ: आपल्या वागण्याचा परिणाम. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत वाईट कामाच्या शिक्षेलाही रिवॉर्ड म्हणत असत. आपणही ‘केल्या कर्माचं फळ मिळालं’ म्हणतो, तेव्हा ते फळ गोड की कडू हे बोलणाऱ्याच्या सुरावरून कळतं. तसंच हे.

५. समाधान: ‘रिवॉर्डिंग’ या विशेषणात हा अर्थ जास्त येतो.

आता वाक्यांत बघा.

‘ही वॉज रिवॉर्डेड फॉर हिज ऑनेस्टी.’ म्हणजे प्रामाणिकपणाबद्दल त्याला बक्षीस मिळालं.

‘टीचिंग इज अ रिवॉर्डिंग जॉब.’ म्हणजे शिकवणं हे समाधान देणारं काम आहे. इथे बरेच जण ‘शिकवण्यात बक्षीस मिळतं’ असा अर्थ लावतात, तो चूक आहे. नोकरीच्या मुलाखतीत कुणी ‘रिवॉर्डिंग एक्स्पीरियन्स’ म्हणालं तर ते पैशाबद्दल बोलत नसतात, ‘करून बरं वाटलं, काहीतरी हाती लागलं’ असं सांगत असतात.

‘पेशन्स हॅज इट्स ओन रिवॉर्ड.’ म्हणजे धीर धरणाऱ्याला त्याचं फळ मिळतंच.

शब्द आला कुठून?

आता खरी मजा. रिवॉर्ड हा शब्द इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून, साधारण चौदाव्या शतकाच्या सुमारास. जुन्या फ्रेंचमध्ये ‘रगार्दे’ असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ होता बघणे, वळून नीट बघणे, दखल घेणे. बक्षिसाचा त्यात पत्ताच नव्हता!

मग ‘ग’चा ‘व’ कसा झाला? त्यासाठी फ्रान्सच्या उत्तरेला जावं लागेल. फ्रेंचमध्ये जर्मानिक भाषांमधून जे शब्द शिरले, त्यातल्या पुष्कळ शब्दांची सुरुवात ‘व’ने होत होती. पॅरिसकडच्या फ्रेंचने त्या ‘व’चा ‘ग’ केला. उत्तरेकडच्या, म्हणजे नॉर्मंडीच्या बोलीने मात्र तो ‘व’ तसाच ठेवला. त्यामुळे एकाच शब्दाची दोन रूपं तयार झाली: पॅरिसकडे ‘रगार्दे’, उत्तरेकडे ‘रवार्दे’.

१०६६ साली नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड जिंकलं आणि पुढची बरीच वर्षं इंग्लंडच्या दरबारात नॉर्मन फ्रेंच चालली. त्या ड्यूकचं नावही याच नियमाचं उदाहरण आहे. इंग्रजीत तो विल्यम, फ्रेंचमध्ये गियोम. एकच नाव, एकीकडे ‘व’, दुसरीकडे ‘ग’.

पुढे इंग्रजीने पॅरिसकडची रूपंही उचलली. म्हणून तिच्यात आज एकाच शब्दाच्या जोड्याच्या जोड्या सापडतात. सगळ्यात ओळखीची जोडी तुमच्या नव्या फोनच्या खोक्यात असते: वॉरंटी आणि गॅरंटी. दुकानदार या दोन्हींतला फरक समजावून सांगतो तेव्हा ऐकून घ्या, पण जन्माने ते जुळे शब्द आहेत. वॉर्ड आणि गार्ड, वॉर्डन आणि गार्डियन याही अशाच जोड्या.

आणि रिवॉर्डचा जुळा भाऊ? ‘रिगार्ड’! ईमेलच्या शेवटी आपण ‘विथ रिगार्ड्स’ लिहितो ना, तोच. रिगार्ड म्हणजे दखल, आदर. सुरुवातीच्या काळात इंग्रजीत दोन्ही शब्द जवळजवळ एकाच अर्थाने चालायचे. मग हळूहळू वाटणी झाली. ‘बघणं, मान देणं’ रिगार्डकडे गेलं आणि ‘बघून त्याबद्दल काहीतरी देणं’ रिवॉर्डकडे.

हा अर्थ बदलला कसा, हे समजायला अवघड नाही. मालकाने नोकराच्या कामाकडे ‘बघितलं’, म्हणजे दखल घेतली. दखल घेतली म्हणजे त्याच्या हातावर काहीतरी ठेवलं. आपणही म्हणतो, ‘साहेब, जरा आमच्याकडे बघा.’ तिथे नुसतं डोळ्यांनी बघणं अपेक्षित नसतं, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

एकाच घराण्यातले बाकीचे शब्द

‘गार्ड’ आणि ‘वॉर्ड’ या मुळापासून आलेले शब्द आपण रोज वापरतो. सिक्युरिटी गार्ड म्हणजे नजर ठेवणारा. हॉस्पिटलचा वॉर्ड म्हणजे जिथे रुग्णांवर लक्ष ठेवलं जातं ती जागा. वॉर्डरोब म्हणजे मुळात कपडे राखून ठेवायची जागा. सगळीकडे बघणं, राखणं, लक्ष ठेवणं हाच धागा आहे.

अवॉर्डही याच घराण्यातला. त्याचा जुना अर्थ मात्र पुरस्कार नव्हता, तर नीट बघून, तपासून दिलेला निर्णय असा होता. हा जुना अर्थ आपल्याकडे अजून जिवंत आहे. महामार्गासाठी जमीन गेली की शेतकरी म्हणतो, ‘अजून अवॉर्ड झाला नाही.’ त्याला ट्रॉफी मिळायची नसते. भूसंपादनात किती मोबदला द्यायचा याचा अधिकाऱ्याने दिलेला निवाडा म्हणजे अवॉर्ड. कृष्णेच्या पाणीवाटपाबद्दलच्या बच्छावत लवादाच्या निर्णयालाही अवॉर्डच म्हणतात. तेव्हा बातमीत अवॉर्ड शब्द दिसला की तो सिनेमाच्या पानावर आहे की जमिनीच्या बातमीत, हे आधी बघा.

मराठीत एवढे शब्द, पण प्रत्येकाचा रंग वेगळा

गुगल ट्रान्सलेट रिवॉर्डसाठी एक शब्द देऊन मोकळं होतं. मराठीत मात्र या एका कल्पनेसाठी निदान पाच शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

बक्षीस: हा शब्द फारसीतून आला. ‘बख्शणे’ म्हणजे देणे, बहाल करणे. यात देणारा वरचा आणि घेणारा खालचा, असा थोडा भाव आहे. म्हणूनच हॉटेलातल्या वेटरला दिलेल्या टिपला आपण बक्षिसी म्हणतो.

इनाम: हा मुळात अरबी शब्द. एके काळी याचा अर्थ थेट जमीन होता. राजाने किंवा सरकारने कामाबद्दल, सेवेबद्दल दिलेली करमाफीची जमीन म्हणजे इनाम. इनामदार हे आडनाव त्यातूनच आलं. आता हा शब्द कुस्तीच्या फडात आणि पोलिसांच्या ‘माहिती देणाऱ्यास इनाम’ अशा जाहिरातीत जास्त दिसतो.

पारितोषिक: संस्कृतातल्या ‘परितोष’ म्हणजे समाधान या शब्दावरून. कुणावर तरी संतुष्ट होऊन दिलेलं ते पारितोषिक. शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘पारितोषिक वितरण’ असतं, ‘बक्षीस वाटप’ म्हटलं तर जरा घरगुती वाटतं.

पुरस्कार: ‘पुरस्’ म्हणजे पुढे. पुरस्कार म्हणजे मुळात पुढे करणे. म्हणून मराठीत आजही ‘त्यांनी स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार केला’ असं म्हणतो, म्हणजे त्याची बाजू उचलून धरली. शब्दाचे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात.

मोबदला: यातला ‘बदल’ नीट ऐका. एकाच्या बदल्यात दुसरं. यात कुणाची मेहेरबानी नाही, हक्काचा व्यवहार आहे. म्हणून जमिनीचा मोबदला मागतात, बक्षीस नाही.

हा फरक मी एवढा ताणून का सांगतोय? कारण ॲपवाले जेव्हा ‘रिवॉर्ड’ म्हणतात तेव्हा आपल्याला बक्षीस ऐकू येतं, फुकट मिळालेलं. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा मोबदला असतो. आपण काहीतरी दिलेलं असतं आणि त्याच्या बदल्यात ते आलेलं असतं. काय दिलं, ते पुढे पाहू.

रिवॉर्ड, प्राइझ, बोनस, बाउंटी, इन्सेंटिव्ह: फरक काय?

हे शब्द परीक्षेत आणि मुलाखतीत गोंधळ घालतात. थोडक्यात सांगतो.

प्राइझ: स्पर्धेत किंवा सोडतीत जिंकलेलं. प्राइझ आणि प्राइस म्हणजे किंमत, हे मुळात एकच शब्द. दोघांचं मूळ लॅटिनमधल्या किंमत या अर्थाच्या शब्दात आहे.

बोनस: ठरलेल्यापेक्षा जास्तीचं. लॅटिनमध्ये ‘बोनुस’ म्हणजे चांगला. अठराव्या शतकात लंडनच्या शेअर बाजारातल्या लोकांच्या बोलण्यातून हा शब्द इंग्रजीत रुळला. आपल्याकडे दिवाळी आणि बोनस हे शब्द आता एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

बाउंटी: एखादं विशिष्ट काम करून दाखवणाऱ्याला जाहीर केलेली रक्कम. टेक्नॉलॉजीत याचं उदाहरण म्हणजे ‘बग बाउंटी’. सॉफ्टवेअरमधली चूक शोधून कंपनीला कळवा आणि पैसे मिळवा. नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने १९९५ मध्ये असा कार्यक्रम सुरू केला होता. आता गुगल, मेटा, ॲपल अशा सगळ्याच मोठ्या कंपन्या तो चालवतात आणि आपल्याकडची कितीतरी मुलं त्यातून कमाई करतात.

इन्सेंटिव्ह: काम होण्याआधी दाखवलेलं आमिष. याचं मूळ फार छान आहे. लॅटिनमध्ये हा शब्द गाण्याशी जोडलेला होता, सूर लावून देणं असा. म्हणजे मुख्य गायकाने सूर धरला की बाकीचे मागून येतात. काम झाल्यावर मिळतं ते रिवॉर्ड, आणि काम व्हावं म्हणून आधी दाखवलं जातं ते इन्सेंटिव्ह. बऱ्याचदा वस्तू तीच असते, फक्त वेळ वेगळी.

मेंदूच्या अभ्यासातलं रिवॉर्ड

मानसशास्त्रात या शब्दाला विसाव्या शतकात नवा अर्थ मिळाला. त्याची सुरुवात थोडी आधी झाली होती. १८९८ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन संशोधकाने मांजरांना लाकडी पेटीत ठेवलं. आतली कळ दाबली की दार उघडायचं आणि बाहेर खाणं मिळायचं. सुरुवातीला मांजर उगाच धडपडायचं, मग प्रत्येक खेपेला जरा लवकर बाहेर पडायचं. ज्या कृतीनंतर चांगलं काही मिळतं, ती कृती पुन्हा होते, असा त्याचा निष्कर्ष होता.

पुढे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरं आणि उंदरांवर प्रयोग करून एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. दर वेळी ठरलेलं खाणं दिलं तर प्राणी आरामात कळ दाबतो. पण खाणं कधी मिळेल याचा नेम नसेल, कधी तिसऱ्या वेळी, कधी विसाव्या वेळी, तर तो थांबतच नाही. दाबतच राहतो.

आता स्क्रॅच कार्ड आठवा. २०१७ मध्ये भारतात गुगलचं ‘तेझ’ ॲप आलं, तेच आजचं गूगल पे. पैसे पाठवा, कार्ड खरवडा. कधी ५ रुपये, कधी ५१, आणि बहुतेक वेळा ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’. दर व्यवहाराला सरळ १ रुपया दिला असता तर आपण लक्षही दिलं नसतं. नेम नाही म्हणून बोट स्क्रीनकडे जातं. रील्स खाली ओढताना, गेममधली पेटी उघडताना हेच चालतं.

मग मेंदूत नेमकं काय होतं? डोपामिन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ‘डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन’ असं रील्समध्ये सांगतात, पण गोष्ट एवढी सरळ नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले. माकडाला अचानक फळांचा रस दिला की त्याच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी उसळायच्या. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी दिवा लागताच उसळू लागल्या, आणि रस आला तेव्हा गप्प! आणि दिवा लागूनही रस दिला नाही, तर त्या वेळेला त्यांची हालचाल नेहमीपेक्षा खाली गेली. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये याची मांडणी केली: या पेशी बक्षीस मोजत नाहीत, तर अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात.

म्हणजेच कार्ड खरवडण्याआधीचा क्षण जास्त रंगतदार असतो. नोटिफिकेशनचा तो लाल ठिपका हा आपला दिवा आहे.

एआयमध्ये रिवॉर्ड म्हणजे काय?

कॉम्प्युटरवाल्यांनी हाच विचार उचलला. ‘रीइन्फोर्समेंट लर्निंग’ या पद्धतीत मशीनला काय करायचं हे पायरी-पायरीने सांगत नाहीत. त्याने चांगलं केलं की गुण वाढवायचे, वाईट केलं की कमी. इथे रिवॉर्ड म्हणजे फक्त एक आकडा. २०१६ मध्ये गो या खेळात जगज्जेत्या खेळाडूला, ली सेडॉलला, हरवणाऱ्या अल्फागो प्रोग्रॅमच्या शिक्षणात जिंकलं तर अधिक १ आणि हरलं तर उणे १ असा हिशोब होता. चॅटजीपीटीसारख्या बॉटना बोलायला शिकवतानाही माणसांना कोणतं उत्तर आवडलं यावरून असाच आकडा तयार करतात. या पद्धतीचा पाया घालणाऱ्या अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन यांना २०२४ चा ट्युरिंग अवॉर्ड मिळाला. रिवॉर्डवर काम केलं आणि अवॉर्ड मिळाला, असंही म्हणता येईल!

पण यात एक धोका आहे. ओपनएआयने २०१६ मध्ये एक उदाहरण दाखवलं होतं. बोटींच्या शर्यतीच्या गेममध्ये प्रोग्रॅमला शर्यत जिंकायला शिकवायचं होतं, पण रिवॉर्ड ठेवलं होतं वाटेतल्या टार्गेट्सना धडकून मिळणाऱ्या गुणांवर. पठ्ठ्याने शर्यत सोडून दिली. एका कोपऱ्यात गोल गोल फिरत, दुसऱ्या बोटींना धडकत, पेट घेत, पुन्हा पुन्हा तीच टार्गेट्स गोळा करत राहिला. माणसांपेक्षा जास्त गुण मिळवले आणि शर्यत पूर्ण केलीच नाही.

माणसंही वेगळी नाहीत. १९०२ मध्ये व्हिएतनाममधल्या हनोई शहरात फ्रेंच सरकारने उंदीर मारण्यासाठी दर शेपटीमागे पैसे जाहीर केले. काही दिवसांनी शहरात बिनशेपटीचे उंदीर फिरताना दिसू लागले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते. उंदीर जिवंत राहिला तर पिल्लं होणार, म्हणजे अजून शेपट्या! रिवॉर्ड कशावर ठेवलंय, तेच मिळतं, मनात काय होतं ते मिळत नाही. मार्कांसाठी पाठांतर करताना हे आठवून बघा.

रिवॉर्ड पॉइंट्सचं गणित

गिऱ्हाइकाला पॉइंट देऊन बांधून ठेवणं ही ॲपवाल्यांची नवी कल्पना नाही. अमेरिकेत १८९६ पासून ‘ग्रीन स्टॅम्प’ नावाची तिकिटं चालत होती. सामान घ्या, तिकिटं मिळवा, वहीत चिकटवा आणि वही भरली की वस्तू घ्या. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवासाच्या मैलांवर असाच कार्यक्रम सुरू केला आणि आजच्या पॉइंट्सची पद्धत रूढ झाली.

आता आपला हिशोब. समजा, तुमच्या कार्डावर दर १०० रुपयांना १ पॉइंट मिळतो आणि १ पॉइंटची किंमत २५ पैसे आहे. ४०,००० रुपये खर्च केले की ४०० पॉइंट. ऐकायला भारी वाटतं. रुपयांत ते होतात फक्त १००. आता समजा, त्या महिन्याचं बिल भरता आलं नाही आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. ४०,००० वर ते होतं १,४०० रुपये. शंभर मिळवले, चौदाशे गेले. म्हणून पॉइंट बघण्याआधी नेहमी दोन प्रश्न विचारा: एका पॉइंटचे रुपये किती, आणि हे पॉइंट मिळवायला मी जास्तीचा खर्च करतोय का?

हे पैसे देतं कोण? क्रेडिट कार्डाने पैसे दिले की दुकानदाराच्या रकमेतून ठरावीक टक्के कापले जातात, त्यातला थोडा भाग तुमच्याकडे परत येतो. गेममध्ये जाहिरात बघून जादा लाइफ मिळते तेव्हा जाहिरातदार पैसे देतो आणि तुम्ही अर्धा मिनिट देता. आणि बऱ्याच ठिकाणी तुम्ही देता ती माहिती: काय घेता, कधी घेता, किती घेता. रिवॉर्डचा मूळ अर्थ ‘नीट बघणं’ होता ना? ॲप आजही तेच करतंय.

शिवाय कितीतरी पॉइंट वापरलेच जात नाहीत आणि मुदत संपून जातात. कंपन्यांच्या हिशोबात याला ‘ब्रेकेज’ असं नावच आहे. म्हणून मिळालेले पॉइंट साठवत बसू नका, वेळेत वापरा.

‘रिडीम’ची लिंक आणि फसवणूक

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. गेल्या वर्षी माझ्या मावशीच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला. वर एका बँकेचा लोगो, खाली लिहिलं होतं की तुमचे ९,८०० रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपणार, खालचं ॲप टाकून लगेच रिडीम करा. तिने मला फोन केला आणि विचारलं, “अरे, हे रिडीम म्हणजे काय रे? करू का?” नशीब, तिने आधी शब्दाचा अर्थ विचारला. तिच्याच सोसायटीतल्या एका काकांनी तसाच मेसेज आल्यावर कुणाला न विचारता ते ॲप टाकलं होतं. त्यांच्या खात्यातून तीन व्यवहारांत पैसे गेले.

रिडीम म्हणजे वटवणे, सोडवून घेणे. लॅटिनमध्ये याचा अर्थ होता ‘परत विकत घेणे’. आपण गहाण ठेवलेला दागिना सोडवतो, तसं. आणि गंमत बघा, याच मुळापासून इंग्रजीत आणखी एक शब्द आला: रॅन्सम, म्हणजे खंडणी. रॅन्समवेअर नावाच्या व्हायरसमध्ये तोच आहे. रिडीम आणि रॅन्सम हे सख्खे भाऊ निघाले!

ही फसवणूक चालते कशी? मेसेजसोबत जी फाइल येते तिचा शेवट ‘एपीके’ असा असतो. हे प्ले स्टोअरच्या बाहेरचं ॲप. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. आपण ‘अलाउ’ दाबलं की बँकेचा ओटीपी आपल्यासोबत चोरालाही दिसतो. कार्ड नंबर किंवा पासवर्ड त्याच ॲपच्या फॉर्ममध्ये आपण स्वतः भरलेला असतो. दोन्ही मिळाले की खातं रिकामं व्हायला वेळ लागत नाही.

यात तीन गोष्टी नेहमी असतात: बक्षीस, घाई आणि ओळखीचा लोगो. ‘आज रात्री संपणार’ हे वाक्य मुद्दाम असतं, म्हणजे आपण कुणाला विचारायला थांबू नये.

काय करायचं, ते लक्षात ठेवा.

१. पॉइंट खरंच आहेत का हे बघायचं असेल तर लिंकवर जाऊ नका. बँकेचं ॲप स्वतः उघडा आणि तिथे बघा.

२. व्हॉट्सॲप किंवा एसएमएसवर आलेली एपीके फाइल कधीही टाकू नका. फोनच्या सेटिंगमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ बंद ठेवा.

३. पैसे किंवा बक्षीस मिळण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. पैसे जमा होण्यासाठी क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. कुणी तसं सांगितलं तर पैसे येणार नाहीत, जाणार आहेत.

४. बक्षीस मिळवण्यासाठी आधी ‘प्रोसेसिंग फी’ किंवा ‘टॅक्स’ मागितला तर तिथेच थांबा.

५. पैसे गेलेच तर लाजू नका, वेळ घालवू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकं लवकर सांगाल तितकी पैसे वाटेतच अडवण्याची शक्यता जास्त. केंद्र सरकारच्या नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवरही तक्रार करता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रिवॉर्ड आणि अवॉर्ड यांत फरक काय?
अवॉर्ड हा जाहीर सन्मान असतो किंवा अधिकृत निवाडा. रिवॉर्ड हा एखाद्या कामाचा मोबदला असतो, त्यासाठी समारंभ लागत नाही.

कॅशबॅक म्हणजे रिवॉर्डच का?
कॅशबॅक हा रिवॉर्डचा एक प्रकार. आपण दिलेल्या पैशांतला काही भाग परत मिळतो. पॉइंटपेक्षा तो समजायला सोपा, कारण तो थेट रुपयांत असतो. पण तो फक्त ॲपच्या वॉलेटमध्ये येतोय की बँक खात्यात, हे अटींमध्ये वाचा.

रिवॉर्डचा विरुद्धार्थी शब्द कोणता?
पनिशमेंट, म्हणजे शिक्षा. जुन्या इंग्रजीत मात्र दोन्ही रिवॉर्डच्या पोटात होते, हे वर पाहिलंच.

शेवटी

मित्रांनो, एका शब्दाचा प्रवास नॉर्मंडीपासून आपल्या खिशातल्या फोनपर्यंत आला. वाटेत त्याने मांजरं, माकडं, उंदीर आणि बोटी, सगळं पाहिलं. बघण्यापासून सुरू झालेला हा शब्द आपल्याला एकच काम सांगतो: पुढच्या वेळी स्क्रीनवर ‘रिवॉर्ड’ चमकलं की बटण दाबण्याआधी जरा नीट बघा. देणारा कोण, बदल्यात काय घेतोय, आणि एवढी घाई कशाला करतोय?

आणि हा लेख एकदा आई-बाबांना, मावशी-काकांना वाचून दाखवा. शब्दाचा अर्थ विचारायला त्यांना हक्काचं माणूस असलं, की पुष्कळ पैसे वाचतात.